नियतकालिकाचा लेखक : आवाज, सवय आणि सत्ता

१

लेखकाला ‘स्वतःचा आवाज सापडला’ असे विधान आपल्या समीक्षेत वारंवार केले जाते. या विधानामागे एक गृहीत असते. आवाज ही लेखकाच्या अंतरंगात आधीपासून असलेली वस्तू आहे, अनुकरणाची पुटे गळून पडली की ती आपोआप उघडी होते, असे ते गृहीत आहे. सवयीला या कल्पनेत दुय्यम स्थान मिळते. रोज ठरलेल्या वेळी लिहायला बसणे, ठरलेल्या दिवशी मजकूर पुरा करणे या गोष्टी कारागिरीच्या मानल्या जातात. आवाज हा प्रतिभेचा आणि सवय ही शिस्तीची, अशी विभागणी आपण विनातक्रार स्वीकारलेली आहे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांचा इतिहास ही विभागणी टिकू देत नाही. १८३२ ते १८९५ या सुमारे सहा दशकांत मराठी गद्यात असा एक लेखक निर्माण झाला की ज्याला पूर्वपरंपरेत नमुना नव्हता. ठरावीक अंतराने, ठरावीक जागेत, आपल्याला न ओळखणाऱ्या वाचकासाठी स्वतःचे मत मांडणारा हा लेखक होय. या लेखकाचा आवाज कसा घडला, त्यात सवयीचा वाटा किती होता, आणि ती सवय कोणाला परवडत होती, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा आहे. किंबहुना त्याच्यावाचून पहिले दोन प्रश्न अर्धेच राहतात, असे मला वाटते.

पूर्वपरंपरेत नमुना नव्हता याचा अर्थ वैयक्तिक आवाज नव्हता असा नाही. संतकवींच्या अभंगात नाममुद्रा असते. परंतु ती मुद्रा एका व्यक्तीची असूनही केवळ तिचीच राहत नाही; परंपरेतले इतर रचनाकार त्या मुद्रेखाली रचना करू शकत आणि करीत. गद्यात बखरकार आहे, पण त्याला वाचक माहीत असतो. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. लेखनाला निमित्त आज्ञेचे, आणि वाचक म्हणजे आज्ञा करणारा धनी. पत्रव्यवहाराचेही तसेच. अज्ञात, विखुरलेला आणि पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक मुद्रणाबरोबर आणि टपालाबरोबर आला. त्याच्याशी कोणत्या सुरात बोलायचे हे मराठी गद्याला शिकावे लागले.

२

‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू झाले. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षी साप्ताहिक झाले. बाळशास्त्री जांभेकर त्या वेळी जेमतेम विशीच्या आसपास होते. या पत्राची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्याच्या पानाची रचना. एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. मराठी वाक्य इंग्रजी वाक्याच्या खांद्याला खांदा लावून छापले जाऊ लागले आणि दोन्ही एकमेकांना तपासू लागली. इंग्रजी जाणणारा अधिकारी आणि नव्याने शिकू लागलेला एतद्देशीय हे दोन्ही वाचक एकाच पानावर हजर होते.

याचा परिणाम आवाजावर होणे अटळ होते. ‘दर्पण’मधील ‘आम्ही’ हा मध्यस्थाचा ‘आम्ही’ आहे. एकीकडे राज्यकर्त्याला या देशाची स्थिती सांगायची आणि दुसरीकडे देशबांधवाला नव्या विद्येची ओळख करून द्यायची, अशा दुहेरी जबाबदारीत तो उभा आहे. त्याचा सूर संयमी, समजावणीचा आणि शिक्षकाचा आहे. हा बाळशास्त्रींचा स्वभाव असेलही. परंतु हा सूर त्या दोन स्तंभांमधील अंतराने त्यांच्याकडून घडवून घेतला, असेही म्हणता येते. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मराठी मासिक काढले. एका पत्राच्या शेवटाला दुसऱ्याचा आरंभ जोडून देणे ही पुढच्या सर्व मराठी संपादकांची सवय येथे प्रथम दिसते.

३

‘लोकहितवादी’ या नावाखाली गोपाळ हरी देशमुखांनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात जी पत्रे लिहिली, त्यांनी अज्ञात वाचकाचा प्रश्न एका साध्या युक्तीने सोडवला. पत्र हा मराठी माणसाला परिचित असलेला गद्यप्रकार होता. लोकहितवादींनी तो संपादकाला उद्देशून वापरला आणि सर्वांना वाचू दिला. शतपत्रे म्हणून ओळखली जाणारी ही पत्रे प्रत्यक्षात १०८ आहेत. लेखक पंचविशीतला होता, सरकारी नोकरीत होता, आणि ब्राह्मणांचे अज्ञान, पुनर्विवाह, बालविवाह, राज्य गमावण्याची कारणे अशा विषयांवर स्वजातीला न रुचणारे बोलत होता.

टोपणनावाकडे आपण बहुधा संरक्षणाचे साधन म्हणून पाहतो. ते तसे होतेच. परंतु ‘लोकहितवादी’ हे नाव केवळ ओळख लपवत नाही. ते भूमिका जाहीर करते. व्यक्तीच्या आधी भूमिका ठरली आणि भूमिकेला साजेसा सूर मागाहून आला. पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत लिहिणारा माणूस बदलत असेल, चिडत असेल, निराश होत असेल. नाव मात्र त्याला दर आठवड्याला त्याच जागी परत आणते. आवाज ‘सापडण्या’ऐवजी तो आधी पत्करला जातो आणि सवयीने आपला होतो, याचे हे मराठीतील पहिले ठळक उदाहरण मानावे लागेल.

लोकहितवादींच्या लेखनावर पुनरुक्तीचा आणि विस्कळीतपणाचा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच अनाठायी नाही. परंतु येथे वाचनपद्धतीचा एक प्रश्न गुंतलेला आहे. ही पत्रे आपण आज एका बांधलेल्या ग्रंथात, ओळीने वाचतो. ‘प्रभाकर’च्या वाचकाला ती सुटी सुटी, मध्ये दिवस घालवून मिळत होती. मागचा अंक त्याच्या हाती असेलच याची खात्री नव्हती. अशा वाचकासाठी प्रत्येक पत्र स्वतःपुरते पुरे असावे लागते. मुख्य मुद्दा पुन्हा सांगावाच लागतो. आखूड वाक्ये, एका पत्रात एकच विषय, आरंभीच निष्कर्ष आणि मग दाखले, ही त्यांची लकब साप्ताहिकाच्या लयीतून आलेली आहे. ग्रंथात जो दोष दिसतो तो अंकात गुण होता. नियतकालिकातील लेखनाला ग्रंथाचे निकष लावल्याने आपल्या वाङ्मयेतिहासात अशा किती आवाजांचे मूल्यमापन चुकले, हे एकदा तपासण्यासारखे आहे.

४

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू केली. तिचे ८४ अंक निघाले. दरमहा एक या हिशेबाने ही सात वर्षांची मजुरी आहे, आणि ती जवळजवळ एकट्याने केलेली आहे. लेखक तेव्हा चोवीस वर्षांचाही नव्हता आणि सरकारी शाळेत शिक्षक होता. ‘शालापत्रक’ या मासिकाच्या संपादनात त्याची उमेदवारी झालेली होती. दुसऱ्याच्या मालकीच्या पत्रात हात बसला आणि स्वतःच्या पत्रात सूर लागला, असा हा क्रम आहे.

मासिकाची लय साप्ताहिकाहून वेगळी असते. तिथे श्वास लांब घेता येतो. विष्णुशास्त्र्यांचे वाक्य लांब, पोटवाक्यांनी भरलेले, शेवटच्या क्रियापदापर्यंत वाचकाला तिष्ठत ठेवणारे आहे. एकेक निबंध अनेक अंकांतून क्रमशः चालतो. संस्कृत पंडितांचे घर आणि जॉन्सन, मेकॉले यांचे वाचन यांचा संयोग या शैलीत आहे, हे सर्वमान्य आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते विषयांच्या निवडीकडे. मालेचा आरंभ मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीच्या विचाराने होतो. पुढे लेखनशुद्धी, वाचन, वक्तृत्व, विद्वत्त्व आणि कवित्व असे विषय येतात. म्हणजे लेखक आपल्या व्यवसायाची हत्यारे उघड्यावर मांडून वाचकासमोरच त्यांना धार लावतो आहे. कसे लिहावे, कसे वाचावे, शब्द कसा योजावा याची चर्चा करता करताच त्याचे लेखन घडते आणि त्याचा वाचकही घडतो. ‘मराठी भाषेचे शिवाजी’ हे बिरुद त्यांनी स्वतःस लावून घेतले, यातला अभिमान बाजूला ठेवला तरी त्यामागची जाणीव खरी होती. राज्य करायचे तर आधी प्रदेश आखावा लागतो.

हा प्रदेश केवळ शब्दांचा नव्हता. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याच वर्षी विष्णुशास्त्र्यांची रत्नागिरीस बदली झाली. १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पुढच्या दोन वर्षांत न्यू इंग्लिश स्कूल, आर्यभूषण छापखाना, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांची उभारणी झाली. आवाज टिकवायचा तर छापखाना आपला हवा, हे त्यांना कळले होते. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षात त्यांचे निधन झाले. मालेच्या अखेरीस आलेला ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध पुढे सरकारने जप्त केला.

५

याच ‘निबंधमाले’च्या पानांवर जोतीराव फुले यांच्या लेखनाची टर उडवली गेली. ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि सत्यशोधक समाजाचा अहवाल यांचा समाचार घेताना विष्णुशास्त्र्यांनी विचारांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, व्याकरणावर आणि भाषेवर रोख धरला. लेखनशुद्धीचा विवेक आणि लेखनाधिकाराची राखण या दोन गोष्टी येथे एकमेकींत मिसळतात. ज्याने शैलीचा प्रदेश आखला त्यानेच त्याची वेसही बांधली.

जोतीरावांना शैली नव्हती असे नाही. त्यांच्या लेखनाची सवय वेगळ्या ठिकाणी जडली होती. ‘गुलामगिरी’ धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात लिहिलेली आहे. पोवाडा, अखंड, संवाद हे त्यांचे प्रकार समोर बसलेल्या श्रोत्याला गृहीत धरतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ मध्ये लिहून झाला. त्याचे भाग त्यांनी ठिकठिकाणी जमलेल्या लोकांना वाचून दाखवले होते. ज्याचा वाचक बहुतांशी निरक्षर आहे त्याला अंकाची नव्हे, सभेची लय लागते. त्याचे वाक्य डोळ्याने नव्हे तर कानाने तपासले जाते. पोटवाक्यांचे ओझे तिथे चालत नाही. शिवी चालते, हाक चालते, हिशेब चालतो.

तरीही छापील अंकाची गरज या परंपरेलाही जाणवलीच. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधू’ काढले. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. ‘असूडा’चे आरंभीचे भाग त्यात आले आणि पुढचे छापले गेले नाहीत. ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्या विचाराचे पत्र असूनही लेखकाला जागा मिळेलच असे नाही. संपादकाला कायद्याचे आणि वर्गणीदारांचे भय असते. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीरावांनी ते नाकारले. त्या ग्रंथकारांच्या लेखनात आपल्या लोकांची दुःखे उमटत नाहीत, तेव्हा त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या नकाराचा आशय होता. त्याच वर्षी त्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक काढले. दोनच. नियमितपणाला लागणारे बळ त्यांच्या मतांत भरपूर होते. त्यांच्या परिस्थितीत ते नव्हते.

६

या संदर्भात ताराबाई शिंदे यांचा विचार अपरिहार्य ठरतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येबद्दल १८८१ मध्ये खटला झाला. त्या निमित्ताने पत्रांतून स्त्रीजातीची जी निंदा चालली होती, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या या बाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. ते १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. लोकहितवादींना सवयीने, विष्णुशास्त्र्यांना उमेदवारीने जे मिळाले ते येथे पहिल्याच पानावर सिद्ध दिसते. उपरोध, संताप, घरगुती म्हणी, पुराणातल्या देवांची उलटतपासणी, सरळ पुरुषवाचकाला केलेला सवाल हे सारे एकाच दमात येते. आवाज शोधण्याचा प्रवास या पुस्तकात दिसत नाही. आवाज हजरच आहे.

आणि त्यानंतर शांतता आहे. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, त्यानंतर या पुस्तकाचा जवळजवळ विसर पडला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत नव्वदहून अधिक वर्षे गेली. म्हणजे ज्या लेखिकेकडे आवाज सर्वांत आधी होता तिलाच सवय लागू शकली नाही. कारण सवय ही केवळ इच्छाशक्तीची गोष्ट नाही. तिला रिकामा वेळ लागतो, पत्र टाकायला टपाल लागते, छापणारा लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उत्तर लागते. आपल्या शब्दाला कोणी तरी प्रत्युत्तर देईल, त्याला आपण पुढच्या अंकात उत्तर देऊ, ही शक्यता लेखकाला पुन्हा लिहायला बसवते. ही शक्यता ताराबाईंना नाकारली गेली. मतभेदाने नव्हे, तर दुर्लक्षाने.

‘सवय’ या शब्दाकडे पुन्हा पाहण्याची गरज येथे स्पष्ट होते. आपण तिला लेखकाचा सद्गुण समजतो; प्रत्यक्षात ती एक सामाजिक साधनसंपत्ती आहे. ती कोणाला वारशाने मिळते, कोणी नोकरी सोडून विकत घेतो, आणि कोणाच्या वाट्याला ती येतच नाही.

७

गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण या चर्चेला आणखी एक परिमाण देते. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला आणि १८८७ पर्यंत त्याच्या संपादकपदी आगरकर होते. अग्रलेख निनावी असत आणि त्यांतील ‘आम्ही’ हा मंडळाचा ‘आम्ही’ होता. कोणता लेख कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे पुढील अभ्यासकांपुढे उभा राहिला. सामूहिक आवाजात लिहिणे हीसुद्धा एक सवय आहे. तिने लेखकाला आधार मिळतो आणि तीच त्याला बांधूनही ठेवते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मंडळाशी मतभेद तीव्र झाले तेव्हा आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली.

‘सुधारक’मधील ‘आम्ही’ व्याकरणाने अनेकवचनी असला तरी अर्थाने एकवचनी आहे. प्रतिपक्षाचा आक्षेप पूर्ण ताकदीने मांडायचा, मग एकेक पायरी उतरत त्याचे खंडन करायचे, ही आगरकरांची पद्धत प्राध्यापकाची आहे. पण स्त्रियांच्या पोशाखासारखा घरगुती विषय तितक्याच गांभीर्याने तर्काच्या कक्षेत आणायचा, हे धाडस त्यांचे स्वतःचे आहे. विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर खंगत असताना १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी लेखन सोडले नाही. या नियमितपणात निग्रह होता यात शंका नाही. परंतु त्याचबरोबर फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन होते, शिक्षित वर्गणीदार होते, आणि शिव्या देणारा का होईना, पण हमखास वाचणारा प्रतिपक्ष होता. ताराबाईंना नेमका तोच नव्हता.

८

या सहा दशकांवरून काही निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, आवाज ही लेखकाच्या आत दडलेली वस्तू नसून लेखक, कालांतर, जागा आणि वाचक यांच्या घर्षणातून निर्माण होणारी गोष्ट आहे. ‘दर्पण’चे दोन स्तंभ, ‘प्रभाकर’चा आठवडा, ‘माले’चा महिना, सत्यशोधकांची सभा या प्रत्येकाने वेगळे मराठी वाक्य घडवले. दुसरा असा की, आवाज आणि सवय यांचा क्रम ठरलेला नसतो. कोठे सवय आवाजाला जन्म देते, कोठे आवाज असूनही सवयीअभावी मुका होतो. तिसरा निष्कर्ष आपल्या समीक्षेसंबंधी आहे. ‘या लेखकाला स्वतःचा आवाज सापडला नाही’ असा निवाडा देण्यापूर्वी त्याला अंक कोणी दिला, पान कोणाच्या मालकीचे होते आणि शुद्धतेची वेस कोणी बांधली होती, हे विचारणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

आज संगणकाच्या पडद्यावर लिहिणाऱ्या लेखकापुढे छापखान्याची अडचण नाही, पानाची मर्यादा नाही, आणि वाचकाचे उत्तर येण्यास आठवडा लागत नाही. तेव्हा आवाज आता सर्वांना सुलभ झाला, असे मानण्याचा मोह होतो. परंतु ज्या अडथळ्यांनी लोकहितवादींचे आखूड वाक्य आणि विष्णुशास्त्र्यांचे लांब वाक्य घडवले, ते अडथळेही त्याबरोबर गेले. कालांतर नाहीसे झाले की ते लेखकाला स्वतःच निर्माण करावे लागते. आणि पान फुकट मिळाले तरी त्याचा मालक कोणी दुसराच असतो. उत्तराची घाई वाढली म्हणून दुर्लक्षाची शक्यता कमी झालेली नाही. एखाद्या गावात बसून पहिल्याच पानावर सिद्ध आवाजात लिहिणारी कोणी ताराबाई आजही असेल. तिचे दुसरे पान लिहिले जाईल की नाही, हे केवळ तिच्यावर अवलंबून नाही. ते तिच्या वाचकावरही अवलंबून आहे.